मार्जिन ठेवून घेतलेलं कार्ड

कुणी विश्वासच ठेवत नाही हो माझ्यावर... एरवी मी नुसतं म्हटलं की हा कपडा आटणार, तर कापडवाला गुपचूप दुसरं ठाण काढतो, आणि आता आयुष्यात पहिल्यांदा, बावन्नाव्या वर्षी, चार माणसांत उभी राहून सांगतेय की चूक माझी आहे, तर जो तो माझ्या कपाळाला हात लावून बघतोय, ताप आहे का म्हणून. चूक माझी आहे, पण मानतंय कोण?

तुम्हाला पहिल्यापासून सांगते, तुम्ही परके, तुम्ही तरी मानाल. माझं शिवणाचं दुकान आहे. दोन मशिनी, एक कापायचं टेबल, पडद्यामागे आरसा. मी शिवते, माझी नणंद कापते. तिच्यासारखी कात्री या रस्त्यावर कुणाची चालत नाही, हे मी तिला बावीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही, ते वेगळं. मापं आधी वहीत असायची. मग मुलगी लांब नोकरीला गेली आणि जाताना तिचं ते हातात मावणारं यंत्र ठेवून गेली, तेच हो, काडीनं टोचून लिहायचं, ज्यात लोक पत्ते आणि भेटीच्या तारखा ठेवतात. म्हणाली, "आई, वह्या फाटतात, यात ठेव." चौथी पास बाई मी, पण आठ दिवसांत शिकले. नावं नाही लिहायची, खुणा लिहायची. 'उजवा खांदा उतरलेला.' 'श्वास रोखून माप देते, दोन बोटं वाढव.' 'पोट नाही म्हणतो, आहे.' अशी तीनशे माणसं त्या एवढ्याशा डबीत राहायला आली. नणंद म्हणायची, "वहिनी, वही मात्र जपून ठेवा." मी काय केलं? वहीची पानं फाडून कॉलरचे साचे कापले. कागद चांगला जाड होता...

तर डबी भरली. बँडवाल्यांचे चाळीस कोट आले होते, आणि अडतिसाव्या मापाला, तो ढोलवाला, पोटाचा आकडा टोचते न टोचते तोच यंत्र म्हणालं, जागा संपली. मी कोपऱ्यावरच्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे गेले, तो असल्या वस्तूही ठेवतो. बोलतो असा की प्रत्येक शब्दाला तेल घालतोय. "बाई... हे बघा... तीन मार्ग आहेत." एक म्हणजे आतली चिप बदलायची, पण त्याला यंत्र आठ दिवस सोडून जावं लागेल. आठ दिवस? मग बँडवाल्यांना काय, अंदाजानं कापू? दुसरं म्हणजे यंत्राच्या पाठीला लावायचं, जादा जागा असलेलं एक जाडजूड कवच, ते लावलं की यंत्र हातात मावायचं बंद, मग हातात मावणारं कशाला म्हणायचं त्याला? तिसरं म्हणजे नखाएवढं कार्ड, डोक्यावरच्या फटीत सारायचं. म्हटलं, हे द्या. तर त्याच्यातही तीन, लहान, मधलं आणि मोठं. तो म्हणाला, "मधलं घ्या. तुमचं यंत्र जुनं आहे... मोठं त्याला दिसणारच नाही."

इथे, तुम्हाला सांगते, इथेच माझं डोकं फिरलं. अहो, तीस वर्षं मी लोकांना सांगत आलेय की कपडा मार्जिन ठेवून घ्या, माणूस वाढतं, शिवण उसवता येते, कमी पडलेला कपडा कुठून आणणार? आणि हा मला मापाला माप घ्यायला सांगतो? म्हटलं, "मला मापं शिकवू नका. मोठंच द्या." त्यानं दिलं. बिचारा चष्म्यावरून बघत राहिला.

दुकानात आले, कार्ड सारलं. मुलीनं फोनवर सांगितलं होतं, नवं कार्ड आधी साफ करून घे. हे मला लगेच पटलं, कारण नवा कपडा आम्ही आधी भिजवतो, आटायचा तो आटू दे, मग कात्री. शोधून शोधून ते साफ करायचं पान काढलं, त्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं, दोन चौकोन दाखवले, मी पहिल्यावर काडी टोचली. आणि झालं की हो साफ. उतरलेला खांदा गेला, रोखलेला श्वास गेला, अडतीस बँडवाले गेले. यंत्र असं कोरं, जसं काही कालच जन्माला आलंय.

तेवढ्यात नणंद आली, हाताला खडू, आणि तिनं सहज ते यंत्र उचललं. दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. आणि मी ओरडले. "तुमच्या या खडूच्या हातांनी बिघडलं. शंभरदा सांगितलं, हात लावू नका." तिनं यंत्र खाली ठेवलं. कात्री फडक्यात गुंडाळली आणि घरी गेली. फडक्यात, म्हणजे परत न यायला.

दुसऱ्या दिवशी मुलगी फोनवर म्हणाली, "आई, एवढं मोठं कार्ड त्याला दिसलंच नाही. मग साफ करायला उरलं काय? यंत्रच." मी फोन ठेवला. कापायचं टेबल रिकामं होतं. बावीस वर्षं त्या कात्रीच्या आवाजावर मी मशीन चालवली, आता मशीन एकटीच खडखडत होती, आणि शिवणसुद्धा वाकडी जायला लागली. चूक माझी आहे, पण मानतंय कोण?

गेले ना मी तिच्या खोलीवर. दारातच म्हटलं, "ताई, चूक माझी होती." ती उशीच्या अभ्र्याला बटण लावत होती. दोरा दातानं तोडून म्हणाली, "वहिनी, कोट कधी द्यायचेत?" म्हटलं, "पुढच्या बुधवारी." म्हणाली, "म्हणून का चूक तुमची?" घ्या... म्हणजे मी कोटांसाठी गोड बोलतेय! घड्याळवाल्याकडे जाऊन सांगितलं, तर तो घाबरून म्हणाला, "नाही नाही... कार्डच खराब असेल... बदलून देतो." बँडमास्तर पुन्हा मापं द्यायला आला, माझं ओरडणं त्यानं त्या गिऱ्हाइकांकडून ऐकलेलं, त्याला सांगितलं, तर त्याचे डोळे भरून आले. "नणंदेला किती पाठीशी घालता हो. मन मोठं आहे तुमचं." मन मोठं? मला वाटलं तिथल्या तिथे पडद्यामागे जाऊन आरशाला पाठ करून उभं राहावं.

शेवटी आमच्या ह्यांना घेऊन गेले तिच्याकडे. हे टपाल वाटतात. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं, घरी आले की तोंडाला कुलूप. मी पुन्हा सुरू केलं, "ताई, खरंच..." ती पुन्हा माझ्याकडे संशयानं बघायला लागली. तेव्हा हे टोपी हातात फिरवत म्हणाले, "मी दाबलं ते. किती वाजले बघायला घेतलं होतं." अहो, हे तेव्हा तीन गल्ल्या पलीकडे पत्रं टाकत होते. आणि नणंद काय म्हणाली माहितीये? "वाटलंच मला. दादाच असणार." एका वाक्यात पटलं. मी चार दिवस घसा फोडला, आणि ह्यांचं एका वाक्यात. हसलीसुद्धा ती, म्हणाली, "दादा, तुला मनगटावर घड्याळ दिसत नाही का?" फडकं काखेत मारून आमच्याबरोबर निघाली. मी बोलायला तोंड उघडलं, तर ह्यांनी नुसती मान हलवली. तशीच, जशी तीस वर्षं हलवताहेत. दूध उतू गेलं, किल्ली हरवली, मुलीच्या शाळेत जायची तारीख चुकली, सगळं कुणाच्या नावावर गेलं, ते मला त्या रस्त्यावर चालताना एकदम आठवायला लागलं...

कोट बुधवारी गेले. चाळीसच्या चाळीस, मापं नव्या वहीत. परवा बँडमास्तर सहज विचारत होता, नक्की कुणाच्या हातून झालं होतं हो ते? नणंदेची कात्री थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं. आणि मी, बोलायला एवढी धीट बाई, सुईत दोरा ओवत, मान खाली घालून म्हणाले, आमचे हे.