लाल कॅलिपर

रत्नागिरीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात कमलाताई स्कूटरच्या आरशासाठी केव्हाच्या ताटकळल्या होत्या. पुढचं जोडपं रॅलीच्या गाडीचे मागचे ब्रेक निवडत होतं आणि हलायचं नाव घेत नव्हतं. गाडी बायको पळवायची, नवरा नटवायचा, एवढं ताईंना एव्हाना कळून चुकलं होतं.

"वैदेही, ब्रेकचा हा मोठा लाल कॅलिपरच घेऊ. चाकातून कसला उठून दिसेल!"

"मुकुल, मागच्या रॅलीत पावस गावच्या उतारावर काय झालं होतं?"

"तू ब्रेक जरा जोरात दाबलास."

"मग काय गोंजारायचा? ब्रेक मारला की सगळा भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात. तिथे तू दांडगा ब्रेक बसवलास. मागची चाकं आधी जाम झाली नि मी गरकन फिरून आंब्याच्या कलमांत!"

"कलमांना काही झालं नाही गो."

"मला विचार ना! आणि आता त्याहून मोठा?"

"घाबरतेस कशाला? या खेपेला मी देवळात गाऱ्हाणं घातलंय."

"काय सांगितलंस गाऱ्हाण्यात?"

"गाडीला ओरखडासुद्धा येऊ देऊ नको, म्हटलं."

"गाडीला?"

"हो. म्हणजे..."

"आणि आत कोण बसणार आहे, मुकुल? ग्रामदेव?"

दुकानदाराने न विचारताच लाल कॅलिपरचं खोकं उचललं आणि परत फळीवर ठेवून दिलं.