आबांची विजेची शेगडी

आमच्या आबांनी, म्हंजी वडलांनी, गाडीत शेगडी लावलेली सांगितलं का तुमाला? थंडीत बायकोला आन् तान्ह्या पोरीला बारामतीच्या दवाखान्यातनं आमच्या गावाला, निरवांगीला, आणत हुतो. पोरीला शेक द्यायला आबांनी घरनं विजेची शेगडीच आणलेली! गाडीच्या सॉकेटला लॅपटॉपसाठी बारका इन्व्हर्टर हुता, त्यातच पिन खुपसाय लागले.

“आबा, ह्याच्यावर शेगडी न्हाय चालत. वायर पेटंल!”

“नातीला गारठा लागतोय, आन् तुला वायरीचं पडलंय!”

लावलीच. फटदिशी फ्यूज उडाला. पोरगी दचकून रडाय लागली. आबा ओशाळले. मग खांद्यावरचं, आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं काढून त्यांनी दुपट्यावरनं तिला गुंडाळलं. ती गप झाली.

आबा हळूच म्हणाले, “मेंढरं इकून गाडी घेतलीस. ऊब अजून त्यांचीच हाय.”