सिस्टरचे केस

डोळ्यांत औषध घालून दोघी म्हाताऱ्या बहिणी दवाखान्यात माझ्या शेजारी डोळे मिटून बसल्या होत्या.

"ताई, कॉन्व्हेंटमध्ये असताना आपली पैज लागली होती, आठवतं? सिस्टरना डोक्यावरच्या कपड्याखाली केस असतात की नाही!"

"तू म्हणायचीस, तुळतुळीत टक्कल असणार."

"एकदा आपल्या गच्चीवरून दिसल्या मला. भिंतीपलीकडे उन्हात केस वाळवत होत्या. चांगले खांद्यापर्यंत!"

"म्हणजे पैज मी जिंकले. तेव्हा का नाही बोललीस?"

"त्यांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं ना."

"बडबडी तू, आणि इतकी वर्षं पोटात ठेवलंस?"

"शप्पथ! हातात चिमुकला कंगवा होता, लाल."

"लाल कुठला? हिरवा होता."

"ताई! म्हणजे तू पण?"

"डोळे मीट आधी. औषध ओघळेल."