तीनशेवं ताट

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपल्या सूतगिरणीचे चेअरमन साहेब. व्यासपीठाच्या उजव्या अंगाला बसलेले एका कामगार संघटनेचे अध्यक्ष अंगदराव. डाव्या अंगाला बसलेले दुसऱ्या कामगार संघटनेचे अध्यक्ष माऊलीभाऊ. दोघांच्या मधे दोन शाली आणि दोन नारळ सांभाळत बसलेले आपले सत्कारमूर्ती आप्पाराव मामा. पहिल्या रांगेतल्या साखराबाई मामी. आणि पाळी सुटून आलेल्या, पाळीला निघालेल्या माझ्या भावांनो आणि बायांनो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मी मंगल आदिनाथ गर्जे, वायंडिंग खात्यात सुताचे कोन भरते. मला बोलायची सवय नाही असं म्हणायची रीत आहे, पण आदिनाथ मागच्या रांगेत बसलाय, तो हसेल. तर खरं कारण सांगते. निरोपाचं भाषण कोणत्या संघटनेच्या माणसानं करायचं, यावर आठवडाभर एकमत झालं नाही. शेवटी कोणत्याच संघटनेत नसलेलं माणूस शोधायचं ठरलं आणि अख्ख्या गिरणीत मी एकटी निघाले. इतकी वर्षं ‘काठावरची बाई’ म्हणून मला नावं ठेवलीत, आज काठच उपयोगी पडला.

मामांच्या डोक्याकडे बघा. सत्काराला फेटा हवाच. पण एका संघटनेनं एका रंगाचा आणला, दुसरीनं दुसऱ्या. दिल्लीतल्या दोन पक्षांचे रंग उमापूरच्या एका मेंढपाळाच्या पोराच्या डोक्यावर बसेनात. तेव्हा मामाच म्हणाले, “माझं मुंडासं हाय की घरी. त्येच बांधून येतो.” तेच पांढरं मुंडासं त्यांनी बांधलंय, आणि ते शोभतंयही.

मामांविषयी काय सांगू? मी इथं आले तेव्हा उसाच्या फडातून आले होते. माझ्या हाताला कोयता ठाऊक, धागा नाही. पहिल्या दिवशी धागा तुटायचा, मी बांधायचे, की पुन्हा तुटायचा. मी यंत्राआड जाऊन रडले. मामा जॉबर, म्हणजे आमच्यावरचे मुकादम होते, ओरडतील असं वाटलं. ते म्हणाले, “तुटतंय म्हनून कावून रडती? धागा तुटनारच. सांधायला तू हायेस न्हवं?” मग आपल्या बोटांनी गाठ मारून दाखवली. त्या गाठीवर माझं घर उभं आहे. माझी ऋतुजा एकदाही फडावर गेली नाही, तळवड्याच्या एकाच शाळेत शिकली. हे उपकार आहेत आणि ते मी भर सभेत मान्य करते.

इथवर बोलून मी बसले असते तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. साहेबांनाही. पण मला बसवत नाही.

आजच्या जेवणाचं सांगायला आम्ही कॅन्टीनमध्ये गेलो होतो. अंगदराव होते, माऊलीभाऊ होते, मामा होते. कॅन्टीनवाल्यानं विचारलं, ताटं किती? कायम कामगारांना जेवण, म्हणून आम्ही खातेवार मोजलं. तीनशे भरली. माऊलीभाऊ हसत म्हणाले, “सांगा तीनशे. मामा गेले की दोनशे नव्व्याण्णव.” आणि त्यांचं हसू तिथंच थांबलं. 

कारण तो आकडा आपल्याला पाठ होता. नवा कायदा आला तेव्हा याच गिरणीच्या फाटकावर दोन संघटनांच्या दोन सभा झाल्या होत्या, एकाच वेळी, समोरासमोर दोन भोंगे लावून. कायदा साधा आहे. तीनशे किंवा जास्त कामगार असतील, तर गिरणी बंद करायला, माणसं कमी करायला सरकारची परवानगी लागते. तीनशेच्या खाली गेलं की लागत नाही. पूर्वी हाच आकडा शंभर होता. अंगदराव म्हणाले, यानं कारखाने वाढतील, पोरांना कामं मिळतील. माऊलीभाऊ म्हणाले, हा कामगाराच्या गळ्याला फास आहे. मग दिल्लीत कोणी किती वर्षं राज्य केलं, कोणी काय विकलं, कोणाच्या काळात कोण उपाशी मेलं, हे सगळं निघालं. दोन्हीकडून टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, दोन्ही सभांत. तीनशे, तीनशे म्हणून दोघेही घसा बसेपर्यंत ओरडले. पण आपण किती आहोत, हे कुणी मोजलं का हो?

मोजत होतो म्हणा. वेगळं मोजत होतो. या हॉलमध्ये किती निरोप झाले आठवून बघा. रतनबाई गेल्या, म्हाळू काका गेले. दर वेळी जिलेबी झाली. आणि दर वेळी एका संघटनेत कुजबुज व्हायची, “त्यांचा एक कमी झाला बरं का.” दुसरीचा गेला की पहिली खूश, पहिलीचा गेला की दुसरी खूश. रिकाम्या जागेवर कंत्राटाची पोरं आली, ती या मोजणीत धरत नाहीत. आपण ‘त्यांचा’ एक गेला म्हणत राहिलो आणि आपलेच गेले.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मामा एवढंच म्हणाले, “पुन्ना मोजा.” त्यांच्या घरी मेंढरं वाड्यात घेताना एखादं कमी भरलं, तर त्यांचे वडील लगेच शोधायला धावत नसत. पुन्हा मोजायला लावत. “एखादं झाडामागं ऱ्हातं,” असं म्हणत. आम्ही पुन्हा मोजलं. मामांना धरून तीनशेच भरली.

मग अर्ज करायचं ठरलं. मामांची मुदत वाढवा, नाहीतर रिकामी जागा कायम माणसानं भरा, अशी दोन ओळींची मागणी. साहेबांनी सांगितलं होतं, दोन्ही संघटनांनी मिळून एक अर्ज द्या, मी संचालक मंडळापुढे ठेवतो. साहेब, तुमचा शब्द खरा-खोटा करायची वेळ आम्ही येऊच दिली नाही, त्यामुळे तुमच्यावर माझा आरोप नाही. अर्ज अडला तो एका शब्दावर. माऊलीभाऊंचं म्हणणं, ‘काळ्या कायद्यामुळे’ असं लिहा. अंगदरावांचं म्हणणं, ‘काळ्या’ लिहिलं तर वरून पक्षाचा फोन येईल, मी सही करणार नाही. ‘काळ्या’ काढला तर माऊलीभाऊंना त्यांच्या वरच्यांचा फोन येणार. हे दोघे एका गावचे, एका शाळेतले, लहानपणी एकाच म्हशीवर बसून ओढ्यात जायचे. मामा दोघांपुढे हात जोडून उभे होते. म्हणाले, “अरे पांढरा लिवा, हिरवा लिवा, लई तर बिनरंगाचा लिवा. पन लिवा की रे बाबांनो!”

मंडळाची बैठक झाली. अर्ज गेलाच नव्हता. ज्या दोन पक्षांसाठी हे भांडले, त्यातल्या एकाला तरी ही गिरणी नकाशावर दाखवता येईल का?

अंगदराव, मान खाली घालू नका. माऊलीभाऊ, तुम्हीही. आज शिव्या द्यायचा दिवस नाही आणि देऊन काही उपयोगही नाही. वकील म्हणतात, वर्षभराची सरासरी धरतात, म्हणजे उद्या सकाळी काही होणार नाही. साहेब म्हणतात, कायदा आला म्हणजे आम्ही तो वापरूच असं थोडंच आहे? बरोबर आहे साहेब. पण परवा मामा मला म्हणाले, “मंगल, दाराची कडी काडून ठिवली की झोप लागत न्हाई. चोर येवो न येवो.”

माझं सांगते. माझ्या सासूबाई, चंद्रभागाबाई, आयुष्यभर ऊस तोडलेली बाई. आमच्या घरातला कोयता कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता. गेल्या आठवड्यात मी पाळीवरून घरी गेले, तर कोयता ओट्यावर, धार लावून आणलेला. मी विचारलं, “आत्या, ह्यो कावून काडला?” त्या म्हणाल्या, “गंजला व्हता, म्हनून.”  ऋतुजा तिथंच अभ्यास करत होती. तिनं कोयत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला भीती वाटते हो. तुम्हाला सगळ्यांना वाटते, पण जिलेबी समोर आहे म्हणून कुणी बोलत नाही.

आणि मामांचं काय? मघाशी हार घालताना ते मला हळूच म्हणाले, “मंगल, मी एकलाच चाललोय, पन तुमा समद्यांला संगं घिऊन चालल्यावानी वाटतंय.” मामा, हे ओझं तुमचं नाही. तुमचं वय झालं, तुम्ही सन्मानानं जाताय. कमी पडलो ते आम्ही. तुम्ही आम्हाला तुटलेलं सांधायला शिकवलंत, आणि आम्हाला दोन माणसांच्या दोन सह्या एका कागदावर सांधता आल्या नाहीत.

आता आवरते. चेअरमन साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं, त्यांचे आभार. दोन्ही संघटनांनी मला उभं केलं, त्यांचेही आभार. पुन्हा करणार नाहीत हे मला ठाऊक आहे. साखराबाई मामी, मामांना आता पहाटे उठू देऊ नका. भोंगा झाला तरी झोपू द्या. माझ्या बोलण्यात जास्त-उणं झालं असेल, कोणाच्या वर्मी लागलं असेल, तर लेकीबाळीचं बोलणं समजून पोटात घाला.

आणि मामा, तुमच्याकडे एकच मागणं. जेवणं झाली की घरी जाताना फाटकात थोडं उभे राहा. आम्ही सगळे तुमच्यासमोरून बाहेर पडू. आम्हाला पुन्हा एकदा मोजा. एखादं झाडामागं राहिलं असेल.