ती थांबली नाही

— छे हो, जॅकेटची अख्खी चेन कशाला बदलायची? नुसता रनर गेलाय, तो बदलला की झालं. बसा त्या स्टुलावर, पाच मिनिटांचं काम. डोंगरावर चाललाय म्हणता — या बर्फात? मित्राबरोबर? आणि घरी पाच महिन्यांचं लेकरू! अहो, जाऊ नका असं कुठं म्हणतेय मी, जा की — मीही गेले होते. माझी लेक चार महिन्यांची होती तेव्हा. काडी म्हणाली — काडी म्हणजे माझी मैत्रीण, शाळेपासूनची, अंगानं काडी नि रागानंही काडी, कधी पेटेल नेम नाही — म्हणाली, अगं आरशात बघ जरा, नुसती दुधाची बाटली झालीयस, चल एक दिवस. लेकीला सासूबाईंकडे ठेवलं नि गेले. खरं सांगू? फाटकाबाहेर पाय टाकला नि इतकं हलकं वाटलं — माझी मलाच लाज वाटली.

आमची एक पद्धत होती. निसरडी जागा आली की एकीनं आधी पलीकडे जायचं, दुसरीच्या कमरेला बांधलेला दोर खडकाला गुंडाळायचा नि ओरडायचं — 'आहे!' म्हणजे दोर पक्का आहे, ये. ते ऐकल्याशिवाय दुसरीनं पाऊल उचलायचं नाही. बारा हिवाळे, एकदाही चूक नाही. त्या दिवशी मी आधी गेले. पलीकडे पोचते तर खिशात फोन वाजला — तिथं रेंज कुठून आली देव जाणे — सासूबाई म्हणाल्या, काही केल्या राहत नाहीये गं, तुझा आवाज ऐकव तिला. मागून ते रडणं — अहो, माझे कपडे ओले झाले इथं, छातीशी, तुम्हाला नाही कळायचं, बायकोला विचारा. दोर हातातच होता माझ्या. गुंडाळणारच होते, पण दुसऱ्या हातात फोन — आणि काडी पडली उतावळी. थांबली नाही. दोर माझ्या मुठीतून सरसरत गेला. तिला वर आणायला दोन दिवस लागले. पोलिसांना तेच सांगितलं मी, थांबली नाही. तिच्या आईलाही तेच.

काय? फोनवर काय बोलले म्हणजे? रडत्या लेकराशी आई काय बोलते — आहे गं, आहे, आई आहे इथं — मोठ्यानंच बोलावं लागलं, वारा किती होता —

...

थांबली होती हो ती. नेहमीसारखीच थांबली होती.

तिची आई येते दर आठवड्याला. माझ्या लेकीला मांडीवर घेते नि म्हणते, आमच्या पोरीला धीर म्हणून नव्हता बघ. आणि मी — मी आत जाऊन चहा ठेवते.

हे घ्या जॅकेट. झालंय. नाही, काही बोलू नका. उठा, मला दुकान बंद करायचंय.