चौदा घरांचा पगार

— नाही नाही, तुमी बसाच न काकाजी, उठू नका, आई चाय मांडून राहिली, दूध नव्हतं घरात म्हणून उशीर झाला. अन तुमी कायले आले ते ठाऊक आहे मले. तुमच्या तृप्तीची अन माझी सोयरीक मोडाले आले. मोडा, मी काई म्हणत नाही. पण मनिषनं घरी काय सांगितलं असंल कोणास ठाऊक — तुमचाच पोरगा, दहावीत, पयल्या बेंचवर, त्याच्यापासून काय लपते? — तर मीच सांगतो सगळं, पयलेपासून. ह्या टेकचंदनं तोंड लपवलं असं नको व्हाले.

मी तिथं शिकवाले गेलोच नव्हतो. आमच्या राईस मिलची गाडी शाळेत खिचडीचे तांदूळ घेऊन गेली होती, मी पोते उतरवून राहिलो होतो. त्याच दिवशी दहावीच्या पोट्ट्यांले नोकरी, पगार, महिन्याचा खर्च, हे सांगाले बँकेचे साहेब येणार होते, ते आलेच नाहीत. हेडमास्तर व्हरांड्यात उभे, एका हातात शाल, एका हातात नारळ. मले म्हणे, तुले महिन्याचा पगार भेटते काय? म्हटलं, भेटते. म्हणे, चाल मंग. अन टाकली शाल माझ्या अंगावर, कोंड्यानं भरलेल्या अंगावर. मी नववीत शाळा सोडलेला माणूस, काकाजी. काहून सोडली? धानाच्या रोवणीसाठी आठ दिवस घरी थांबलो होतो, नवव्या दिवशी वर्गाच्या दारापर्यंत गेलो, अन आत सगळे आपल्याकडेच पाहतील म्हणून तसाच वापस आलो. बस, इतकंच कारण. त्या लाजेले आता आठ वर्षं झाली. अन ज्या दारातून पळालो तसल्याच दारातून मले शाल घालून आत नेलं.

मंग मी काय केलं? फळ्याकडे तोंड केलं. पोट्ट्यांकडे पाहाले नको म्हणून लिहीतच सुटलो. हेडमास्तर मागून म्हणे, खरं लिहा हो, पोरांले खोटं शिकवू नका. आता खरं म्हटल्यावर मी काय लिहीन? पगार तेरा हजार. पीएफचे कटले पंधराशे साठ. हातात अकरा हजार चारशे चाळीस. त्याच्याखाली आईची बीपीची गोळी, तेल, दाळ, पेट्रोल, लाईटचं बिल — तांदूळ नाही लिहिला, तांदूळ मिलमधून भेटते — अन रिचार्ज दोन. तुमचा मनिष उभा राहिला. म्हणे, सर, — मले सर म्हटलं त्यानं, काकाजी, जन्मात पयल्यांदा कोणी — म्हणे, सर, दोन रिचार्ज कोणाकोणाचे? म्हटलं, एक माझा, एक आईचा. म्हणे, तुमच्या आईजवळ फोन आहे? तर नाहीच न. सगळा वर्ग हसला. आता त्याले काय सांगू का तृप्तीचा पॅक संपला का दोन-दोन दिवस… जाऊ द्या. ते तुमाले ठाऊकच असंल.

मंग मी प्रत्येक बेंचले एक घर केलं. चौदा बेंच, चौदा घरं. प्रत्येकाले अकरा हजार चारशे चाळीसची चिठ्ठी देली अन म्हटलं, महिना तुमीच निवडा, पगार पुरवून दाखवा. त्यांनी कोणता निवडला? दिवाळीनंतरचा, गावोगाव मंडईची जत्रा भरते तो. चौदाच्या चौदा घरांनी. अन तेरा घरांनी लिहिलं — जेवणाचा खर्च शून्य. म्हटलं, हे कसं? तर म्हणे, सर, आमी पाहुणपणाले जाऊ न, आज या गावची मंडई, उद्या त्या गावची, रात्रभर दंडारीचं नाटक पाहू, सकाळी मटण खाऊ. म्हटलं, अरे पण तेरा घरं कुलूप लावून निघाले तर वाढते कोण? कोणालेच ठाऊक नाही. मंग दिसलं का एकच घर घरी थांबलं होतं. मनिषचं. त्यानं तेरा घरांच्या पाहुण्यांचं मटण लिहिलं, पाहुणीणबाईंचे ब्लाऊजपीस लिहिले, अन नऊ तारखेले पगार सफा. दहा ते तीस समोर काय लिहिलं? 'बाबाले मागणे.' मी त्याले सगळ्यांत जास्त मार्क देले, काकाजी. मले पटलं ते घर. जो घरी थांबते त्याच्याच घरी चूल पेटते न.

पण फळ्यावरचं पुसाचं राहिलंच. तेरा हजार. अन सोयरीकीच्या बैठकीत आमच्या भय्याजी मामानं तुमाले सांगितले होते वीस. मी त्या दिवशी तिथंच बसलो होतो, खाली मुंडी घालून. वीस म्हटलं तवा बोलाले पाहिजे होतं, नाही बोललो. तिथंही लाजच. तर आता तुमचं म्हणणं…

असं काहून पाहून राहिले माझ्याकडे? सांगितलं नाही मनिषनं? पगाराचंही नाही? अन रिचार्जचं? — मंग तुमी कायले आले?

काय म्हणता? साक्षगंधाची तारीख काढाले?

…

काकाजी, आता तुमाले सगळं कळलंच. शिव्या द्या, चालते. — काय? हळू कायले बोलून राहिले? तृप्तीचं काय? त्या दवाखान्यातल्या नोकरीचे तिचे बारा हजार… नाहीत? सहा? मंग बारा कोणं सांगितले होते? तुमी? तुमी स्वतः? — नाही, मी हसून नाही राहिलो. तसं तोंडच आहे माझं. अकरा चारशे चाळीस अन सहा… थांबा, रिचार्ज एक कमी करा, लगन झाल्यावर एकाच घरातून कोणाले फोन करतो मी? — काढा न मंग कॅलेंडर, तुमच्या मागंच टांगून आहे, मंडईच्या आधीची पाहा —

शू. आई येऊन राहिली.

काई नाही, आई. आमी चूपच बसलो होतो.