इतर उत्पन्न: निरंक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या कार्यालयाचे सन्माननीय प्रबंधकसाहेब. प्रमुख पाहुण्या, कर्मचारी संघटनेच्या मनीषाताई. व्यासपीठावरील इतर मान्यवर. ज्यांच्या सेवानिवृत्तीनिमित्त आपण सारे जमलो त्या आजच्या सत्कारमूर्ती छायाबाई साळवे. आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी चिमाजी गांगुर्डे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तंत्रज्ञ आहे. माझ्याआधी वकीलसाहेब बोलले, अधिकारी बोलले, किती सुंदर बोलले! कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘पक्षकारांतर्फे मनोगत’ असं छापलंय. हा छापणाऱ्यांचा मोठेपणा. मी या कोर्टाची पायरी चढलो तो नादार म्हणून. देणं फेडणं आता माझ्या आवाक्यात नाही, असं कोर्टाला स्वतःच्या सहीने लिहून देणारा माणूस.

झालं असं, की माझा मेहुणा भिमाजी याचे मालेगावात आठ यंत्रमाग होते. त्याच्यासाठी मी दोन ठिकाणी जामीन राहिलो, शिवाय माझ्या नावावरही कर्ज काढून दिलं. माग बंद पडले, भिमाजी घर सोडून गेला, आणि पगाराच्या दिवशी वसुलीवाले आमच्या गेटवर उभे राहू लागले. अठ्ठ्याण्णव साली मी नादारीचा अर्ज केला. कोर्टाने हुकूम दिला, की पगारातून घर चालायला लागेल तेवढं ठेवायचं आणि उरेल ते दरमहा रिसीव्हरकडे भरायचं. रिसीव्हर म्हणजे कोर्टाने नेमलेले वकील, ते ती रक्कम सगळ्या घेणेकऱ्यांत वाटणार. पण घर चालायला लागतं किती? हे ठरवण्याचं काम नादारी शाखेच्या लिपिकाकडे होतं. त्या लिपिक म्हणजे छायाबाई.

त्या दिवशी मी आणि माझी बायको सुलाबाई त्यांच्या टेबलासमोर बसलो. मी घरून एक कागद लिहून आणला होता. किराणा, दूध, शाळा, क्वार्टरचं भाडं, बस. सगळं शक्य तितकं कमी. मला वाटलं, कमी लिहिलं की माणूस प्रामाणिक दिसतो.

बाईंनी कागद वाचला आणि विचारलं, “चपला कुठं आहेत?”

मी टेबलाखाली बघितलं. म्हटलं, “घातल्यात की, बाई.”

“कागदावर कुठं आहेत? चार माणसं, वर्षाला चार जोड तरी लागणार. बाराने भागा आणि लिहा. आणि सणाला काहीच नाही? दिवाळी रद्द केलीत का?”

सुलाबाई त्या महिन्यात पहिल्यांदा हसली. बाई म्हणाल्या, “खोटी काटकसर लिहू नका. ती तीन महिने टिकते, मग हप्ता चुकतो, मग तुम्ही माझ्यासमोर रडता. खरं लागतं तेवढं सांगा, मी वरती मांडते.” सिलिंडर किती दिवस पुरतो, मुलीच्या चष्म्याचा नंबर किती महिन्यांनी बदलतो, सगळं त्यांनी विचारलं. माझ्या हातात पगार यायचा सहा हजार आठशे. त्यातले चार हजार शंभर घराला आणि सत्तावीसशे रिसीव्हरला, असा आकडा निघाला. रिसीव्हरना चार हजार शंभर जास्त वाटले, तेव्हा बाईंनी एकेक ओळ त्यांना समजावून सांगितली. आम्ही दाराबाहेर उभे राहून ऐकत होतो. माझ्या मुलीच्या चष्म्यासाठी आयुष्यात तोपर्यंत कुणी भांडलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

आणि आता ते सांगतो, ज्यासाठी मी उभा आहे. मंडळी घड्याळ बघताहेत, कल्पना आहे. फार वेळ घेणार नाही.

त्या कागदाच्या शेवटी एक ओळ होती. ‘इतर उत्पन्न’. बाईंनी विचारलं, “पगाराशिवाय काही येतं?”

“नाही, बाई.”

“पुन्हा विचारते. शेती, दुकान, सुट्टीच्या दिवशीचं काही काम?”

“काही नाही.”

बाईंनी लिहिलं, ‘निरंक. विचारून खात्री केली.’ आणि खाली सही केली.

मी दर रविवारी आणि सुट्टीला नाशिकरोडला एका ओळखीच्या दुकानात मोटारी भरायला जात होतो. पंपाच्या, पंख्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायची. महिन्याला चौदाशे-पंधराशे सुटायचे. बाई विचारत होत्या तेव्हा सुलाबाई शेजारीच बसली होती. ती खाली बघत राहिली. बाहेर आल्यावर, बसस्टॉपवर, ती एवढंच म्हणाली, “तुमी त्या बाईसंगं खोटं बोलला. तिनं आपल्या चपला लिव्हल्या व्हत्या.”

ते पैसे आईच्या औषधाला लागले, असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं! तसं नाही. आमचं घर चार हजार शंभरात चालत होतं. बाईंनी ते चालेल असंच बसवलं होतं. त्या चोरलेल्या पैशांतून मी नव्याण्णवच्या वर्ल्डकपच्या आधी रंगीत टीव्ही घेतला. शेजारीपाजारी बघायला यायचे, मला पुन्हा माणसात आल्यासारखं वाटायचं. एक दिवस माझ्या घेणेकरी पतसंस्थेचा वसुलीवाला सहज म्हणून दारात डोकावला आणि टीव्ही बघून गेला. पुढे त्याने दुकानही शोधून काढलं.

तक्रार झाली. ती माझ्यावर झाली, आणि ज्यांनी ‘खात्री केली’ लिहिलं होतं त्यांच्यावरही झाली. लिपिक आणि नादार मिळालेले आहेत, असं त्या तक्रारीत होतं. चौकशी लागली. चौकशी करणाऱ्या साहेबांनी मला समोर बसवून विचारलं, “पगाराशिवाय उत्पन्न आहे का, असं छायाबाईंनी तुम्हाला विचारलं होतं का?”

एका शब्दाचं उत्तर होतं. ‘हो’ म्हणालो असतो तर मी जाणूनबुजून लपवलं हे सिद्ध झालं असतं. फौजदारी झाली असती, कदाचित नोकरी गेली असती.

मी म्हणालो, “नाही साहेब. विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

अध्यक्षमहोदय, माझ्या वकिलाने मला हे शिकवलं नव्हतं. हे माझं स्वतःचं.

माझा टीव्ही विकला गेला, हप्ता वाढला, मुदत वर्षभर लांबली. माझं नुकसान एवढंच. छायाबाईंच्या दोन वेतनवाढी कायमच्या बंद झाल्या, सेवापुस्तकात शेरा लागला आणि बदली मालेगावला झाली. तीन वर्षं त्या रोज नाशिकहून मालेगावला एसटीने जाऊन येऊन करत होत्या. ज्या गावात माझ्या मेहुण्याचे माग बुडाले, त्या गावाला माझ्या खोट्यामुळे त्यांनी जायचं!

माझा जबाब संपवून मी बाहेर आलो तेव्हा त्या व्हरांड्यातल्या बाकावर होत्या. आतलं सगळं त्यांना ऐकू आलं असणार. मला वाटलं, आता या मला चारचौघांत सुनावतील. त्या म्हणाल्या, “पुढचा हप्ता दहा तारखेच्या आत भरा. आता तरी चुकवू नका.” आणि आत गेल्या.

मी एकही हप्ता चुकवला नाही. त्याचं कौतुक नको. भीतीने भरले.

दोन हजार दोन साली माझी नादारी संपवण्याचा अर्ज नादारी शाखेत आला, तेव्हा बाई बदलीवरून परत त्याच टेबलावर आल्या होत्या. फाईल त्यांच्यापुढे होती. शिपायाने मला हाक मारली. त्यांना नुसती फाईल बाजूला ठेवायची होती. वर्षभर कुणी विचारलं नसतं. खरं सांगतो, मी त्यांच्या जागी असतो तर ठेवली असती.

बाई म्हणाल्या, “रिसीव्हरच्या वहीत तुमच्या दोन पावत्या जमेला धरलेल्या नाहीत. मूळ पावत्या आहेत?”

“आहेत, बाई.”

“उद्या आणा.”

मी आणल्या. दोन महिन्यांचे हप्ते वाचले आणि मी मोकळा झालो. हुकमाची नक्कल हातात घेऊन मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. काहीतरी बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, “मागे माणसं आहेत. त्यांना येऊ द्या.” मी बाजूला झालो. तेव्हापासून आज चार वर्षं मी बाजूलाच उभा आहे.

गेल्या आठवड्यात नादारी शाखेतले कुंदन आमच्या क्वार्टरवर निमंत्रण घेऊन आले. मी म्हटलं, “चुकून आलात. माझं नाव कुणी सुचवलं?” ते म्हणाले, “बाईंनीच. म्हणाल्या, चिमाजींना काही बोलायचं असेल तर बोलतील.”

त्या रात्री मी सुलाबाईला विचारलं, काय बोलू? ती म्हणाली, “व्हतं ते. दुसरं काय हाय तुमच्यापाशी?” मुलगी सृष्टी आता शिक्षिका आहे. तिला चष्म्याची गोष्ट माहीत होती, जबाबाची नव्हती. तिला सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आज ती आईशेजारी चौथ्या रांगेत बसली आहे, त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

प्रबंधकसाहेब, आज सकाळी अकरा वाजता मी आपल्या आवक शाखेत एक प्रतिज्ञापत्र दिलं आहे. पोच माझ्या खिशात आहे. छायाबाईंनी मला दोनदा विचारलं होतं, मी दोन्ही वेळा खोटं सांगितलं, आणि चौकशीत तिसऱ्यांदा खोटं बोललो, असं त्यात लिहिलं आहे. वकीलसाहेब मान हलवताहेत. मला माहीत आहे, यातून माझ्यावर कारवाई होऊ शकते. माझी चौदा महिने नोकरी बाकी आहे. होऊ द्या. बाईंची पेन्शनची कागदपत्रं तीस तारखेला जाणार आहेत असं ऐकतो. त्या दोन वेतनवाढी धरून ती जावीत आणि सेवापुस्तकातला तो शेरा निघावा, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. निघेल की नाही, मला कायदा कळत नाही. सात वर्षं उशीर झालाय, हे कळतं.

बाई, तुम्ही मान खाली घालू नका. या सभागृहात ती माझी घालायची आहे. क्षमा मी तुमच्याकडे मागणार नाही. निरोपाच्या दिवशी तुमच्या टेबलावर माझं आणखी एक काम कशाला ठेवू?

संयोजकांनी मला बोलू दिलं आणि मधे कुणी खाली बसवलं नाही, याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. मान्यवरांची नावं घेताना किंवा शब्दांत काही कमी-जास्त झालं असेल, तर ते सभागृहाने पदरात घ्यावं. जे केलं, ते मात्र घेऊ नये. नमस्कार.